साठ किलोचे सिलिंडर आणि तीन लिटर डिझेल : फ्युएल सेलचे गणित कुठे अडते

आपल्या पत्रातील प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला दिले आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. वाळूज औद्योगिक वसाहतीत आपला प्रेसपार्टचा कारखाना आहे आणि दुचाकी-तीनचाकींच्या सायलेन्सरचे भाग हे आजवरचे मुख्य काम आहे. वाहने विजेवर जाऊ लागल्यामुळे ते काम किती दिवस टिकेल याची आपल्याला काळजी वाटते. अशा वेळी पुण्याच्या एका कंपनीने फ्युएल सेलमध्ये, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या यंत्रात, लागणाऱ्या पातळ पत्र्याच्या प्लेटांचे नमुने मागितले आहेत. त्यासाठी नवा प्रेस घ्यावा का, हा आपला मुख्य प्रश्न. त्यामागे दुसरा प्रश्न असा की, गेली वीस वर्षे ‘आता येणार, आता येणार’ म्हणून गाजत असलेले हे तंत्र बाजारात अजून स्थिरावले का नाही. शेवटी चिरंजीवांनी याच विषयात एम.टेक. करावे का, असेही आपण विचारले आहे.

मी या यंत्रांबरोबर जवळपास वीस वर्षे काढली आहेत आणि त्यांतली चार वर्षे बीड व धाराशिव जिल्ह्यांतील मोबाइल टॉवरवर गेली, त्यामुळे माझे मत प्रयोगशाळेपेक्षा टॉवरच्या पायथ्याशी अधिक बनलेले आहे. ते आधीच सांगून टाकतो. फ्युएल सेलच्या यंत्राची किंमत बरीच उतरली आहे आणि अजून उतरेल; पण यंत्रापर्यंत हायड्रोजन पोहोचवण्याचा खर्च आणि यंत्र बिघडले तर तासाभरात हात लावू शकेल असा माणूस जवळ ठेवण्याचा खर्च त्या मानाने उतरलेला नाही. व्यवहार अडतो तो या दोन ठिकाणी, आणि चर्चा मात्र बहुतेक वेळा प्लॅटिनमची होते.

यंत्राचे तत्त्व जुने आहे. ब्रिटनमध्ये विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज मिळवून दाखवली, आणि १९६०च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी व अपोलो यानांत ही यंत्रे प्रत्यक्ष वापरली गेली. आज सर्वाधिक प्रचारात असलेल्या पेम प्रकारात एका पातळ पॉलिमर पटलाच्या एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवा सोडतात. मधल्या प्लॅटिनमच्या थरावर हायड्रोजनचे विघटन होते, प्रोटॉन पटलातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून येतात आणि शेवटी पाणी तयार होते. एका सेलचा विजेचा तात्त्विक दाब १.२३ व्होल्ट असतो, पण भार टाकल्यावर तो ०.६ ते ०.७ व्होल्टवर येतो, म्हणून उपयोगी दाब मिळवण्यासाठी अनेक सेल एकावर एक रचून स्टॅक करावा लागतो. या रचनेत दोन सेलांच्या मध्ये जी प्लेट बसते, तीच आपल्याकडे मागितलेली प्लेट.

आता टॉवरकडे येतो. आमच्याकडे भारनियमन कडक होते त्या काळात प्रत्येक टॉवरला डिझेल जनरेटर असे आणि डिझेलची चोरी हा कंपन्यांचा कायमचा ताप होता. फ्युएल सेल विकणाऱ्यांचा सर्वांत पटणारा मुद्दा कोणता होता, तर हायड्रोजन कोणी ट्रॅक्टरमध्ये ओतू शकत नाही. प्रदूषण वगैरे गोष्टी सादरीकरणात असत, पण सह्या झाल्या त्या या मुद्द्यावर. मुद्दा खोटाही नव्हता, कारण आमच्या ठिकाणांवरून हायड्रोजन कधीच चोरीला गेला नाही. हायड्रोजन तिथपर्यंत पोहोचेल कसा, याचे उत्तर मात्र सह्या होताना कोणाकडे नव्हते.

लाल रंगाचे नेहमीचे ४७ लिटरचे सिलिंडर १५० बार दाबाने भरले, तर त्यात हायड्रोजन भरतो जेमतेम अर्धा किलो ते सहाशे ग्रॅम, आणि सिलिंडरचे स्वतःचे वजन असते साठ किलोच्या आसपास. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. फ्युएल सेल तिच्यातली साधारण निम्मी वीज म्हणून देतो, म्हणजे किलोमागे सोळा-सतरा युनिट. या हिशेबाने एका सिलिंडरमधून आठ-नऊ युनिट हाती लागतात. दोन किलोवॉटचा टॉवर त्यावर चार तास चालतो. हेच काम लहान डिझेल जनरेटर तीन लिटरमध्ये करतो, आणि लिटरला नव्वद-पंच्याण्णव रुपये धरले तरी त्याचे पैसे तीनशेच्या आत राहतात. म्हणजे साठ किलो लोखंड दूरच्या कारखान्यात भरून, ट्रकने बीडला आणून, तिथून पिकअपमध्ये टाकून, बालाघाटच्या डोंगरातल्या कच्च्या रस्त्याने वर नेऊन, डाव्या आट्याचे नट आवळून, साबणाच्या फेसाने गळती तपासून, आणि रिकामे झाल्यावर तोच प्रवास उलटा करून, हे सगळे तीनशे रुपयांत बसायला हवे होते. गाडीभाडेच त्याहून अधिक व्हायचे. सिलिंडर पूर्ण रिकामे करता येत नाही, तळाशी थोडा दाब राखावाच लागतो, म्हणजे दर फेरीला थोडा वायू नुसताच फिरून परत जातो. ठरावीक मुदतीने सिलिंडरची दाबचाचणी करावी लागते, आणि साठवणुकीला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेचे नियम लागू असतात. हे नियम जाचक आहेत असे मी म्हणणार नाही. हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेतो आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. पण प्रत्येक नियमाला एक कागद, एक फेरी आणि एक माणूस लागतो, आणि हा खर्च स्टॅकच्या किमतीत कुठेच दिसत नाही.

दुसरी अडचण आमच्या हवेची. टॉवरवरचे लहान संच हवेवर थंड होणारे होते. तोच पंखा प्रक्रियेसाठी ऑक्सिजन पुरवायचा आणि तोच स्टॅक थंड ठेवायचा. पटलातून प्रोटॉन जाण्यासाठी ते ओलसर राहावे लागते. मे महिन्याच्या दुपारी ४२-४३ अंशांची कोरडी हवा सतत अंगावर घेतल्यावर ते वाळायला लागते, विजेचा दाब खाली येतो, यंत्र गरम होते, पंखा अधिक जोराने फिरतो आणि पटल आणखी वाळते. एका टॉवरच्या राखणदाराने पाणी बाहेर पडण्याच्या नळीखाली पाच लिटरचा कॅन लावून ठेवला होता, कारण हे यंत्र पाणी तयार करते असे कोणीतरी त्याला सांगितले होते. हिशेबाने युनिटमागे अर्धा लिटर पाणी तयार होतेही. डिसेंबरच्या पहाटे त्याच्या कॅनमध्ये बोटभर पाणी साचलेले असे. मे महिन्यात नळीच्या तोंडावर थेंबसुद्धा नसे, सगळे वाफ होऊन जाई. तो मला म्हणाला, “साहेब, पाणी लागतं तवाच हे देत नाही.” स्टॅकच्या आत काय चालले आहे हे मी कंपनीला पाठवलेल्या कोणत्याही अहवालापेक्षा त्या कॅनमध्ये अधिक नेमके दिसत होते, कारण पटलालाही त्याच महिन्यात ओलाव्याची गरज होती.

पाण्याने थंड होणारे मोठे संच या दुष्टचक्रातून सुटतात, पण त्यांची अडचण निराळी आहे. डिझेल इंजिन आपली बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून बाहेर टाकते आणि त्याचे कूलंट नव्वद अंशांच्या वर चालते. फ्युएल सेलची बहुतेक उष्णता कूलंटमधूनच काढावी लागते, आणि ते कूलंट ६५-७० अंशांवर ठेवावे लागते. बाहेरची हवा ४३ अंशांवर असताना इंजिनाच्या रेडिएटरला पन्नासएक अंशांचा फरक मिळतो, तर फ्युएल सेलच्या रेडिएटरला जेमतेम पंचवीस. त्यामुळे रेडिएटर आणि पंखे कितीतरी मोठे घ्यावे लागतात. थंड देशांत आखलेले संच आमच्याकडे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत याचे कारण एवढे साधे आहे.

तिसरी अडचण शुद्धतेची आहे. प्लॅटिनमला कार्बन मोनॉक्साइड आणि गंधक यांचे वावडे आहे. वाहनांसाठीच्या हायड्रोजनच्या आयएसओ १४६८७ या मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत ०.२ भाग इतकी कडक आहे. वायू शुद्ध आणला तरी हवा गावचीच असते. गाळपाच्या हंगामात साखर कारखान्याच्या आणि आसवनीच्या वाऱ्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, वीटभट्टीच्या धुरात सल्फर डायऑक्साइड असतो, आणि मोठ्या गोठ्यांच्या भोवती अमोनिया असतो, जो पटलालाच बाधतो. धूळ फिल्टरमध्ये अडते, पण वायू अडवायला रासायनिक फिल्टर लागतो, आणि तो किती दिवस टिकेल हे वाऱ्याच्या दिशेवर ठरते.

यानंतर दुरुस्तीचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते आमच्या भागात तोच सर्वांत मोठा आहे. स्टॅकमधले सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे साठांपैकी एक सेल दुबळा झाला तरी सगळा संच अडतो. चालू-बंद होताना आत हवा आणि हायड्रोजन यांची सरमिसळ होते, तेव्हा प्लॅटिनम धरून ठेवणारा कार्बन खराब होत जातो. म्हणजे एकसलग हजार तास चालण्यापेक्षा दिवसातून पाच वेळा वीज जाणे या यंत्राला अधिक बाधते. उलट बाजूने, वीजपुरवठा सुधारला आणि संच तीन-तीन महिने बंद राहिला, तर पटल वाळते आणि गरज पडते त्या दिवशी संच सुरू होत नाही. एका पावसाळ्यानंतर आमच्या एका ठिकाणी हेच झाले. तपासणीला येणारा तंत्रज्ञ परराज्यातून यायचा होता, सुटे भाग परदेशातून. टॉवर नऊ दिवस भाड्याच्या जनरेटरवर चालला. त्याच तालुक्याच्या गावी डिझेल पंप उघडून बसवणारे चार मिस्त्री होते, रात्री अकरालाही येणारे. पुढच्या वर्षी ते संच काढून घेतले गेले आणि त्या जागी बॅटऱ्या बसल्या. यंत्र वाईट होते असे मी आजही म्हणणार नाही. त्याच्याभोवती गाव नव्हते, एवढे खरे.

बॅटरीचा विषय निघाला, तर विजेचे गणितही पाहून घेऊ. सौर विजेपासून हायड्रोजन करायचा, तर विजेने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोलायझरला किलोमागे प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट लागतात. त्या किलोतून फ्युएल सेल सोळा-सतरा युनिट परत देतो. वीज पाच रुपयांनी मिळाली असे धरले, तर परत मिळणाऱ्या युनिटमागे नुसत्या विजेचेच सोळा रुपये पडतात. त्यात इलेक्ट्रोलायझर, कॉम्प्रेसर, टाक्या आणि स्टॅक यांचे पैसे अजून आलेलेच नाहीत. तीच वीज लिथियम बॅटरीत भरून काढली तर सहा रुपयांच्या आत मिळते. शिवाय बॅटरीची किंमत पडत राहिली. ब्लूमबर्गच्या सर्वेक्षणानुसार २०२४ मध्ये बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किलोवॉट-तासाला ११५ डॉलरपर्यंत आली, आणि २०१०च्या दशकाच्या आरंभापेक्षा ती कितीतरी कमी होती. ज्या काळात आम्ही सिलिंडर चढवत होतो, त्याच काळात ही घसरण चालू होती, आणि फ्युएल सेलने डिझेलशी स्पर्धा जिंकण्याआधीच मैदानात तिसरा गडी उतरला. काही तासांच्या साठवणुकीसाठी हायड्रोजनने बॅटरीशी झुंजू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आठवडाभराची साठवण, शेकडो किलोमीटर जाणारा अवजड ट्रक, किंवा बॅटरीचे वजन परवडणारच नाही अशी जागा, इथे हिशेब निराळा होतो.

इथे मराठवाड्यात नेहमी विचारला जाणारा एक आक्षेप येतो, तो पाण्याचा. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या भागाने ते पाहिले आहे, त्याला पाण्यापासून इंधन काढण्याची भाषा खुपणारच. पण आकडा पाहिला तर किलोभर हायड्रोजनला रसायनशास्त्राप्रमाणे नऊ लिटर पाणी लागते, आणि शुद्धीकरणात वाया जाणारे धरून पंधरा-वीस. किलोभर साखरेमागे उसाला लागणारे पाणी दीड-दोन हजार लिटरच्या घरात जाते. तेव्हा पाण्याचा मुद्दा मांडायचाच असेल तर तो प्रमाणाचा नाही, गुणवत्तेचा मांडावा. आमच्या बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त असते की ते इलेक्ट्रोलायझरच्या योग्यतेचे करताना आरओचे टाकाऊ पाणी कुठे सोडायचे हा खरा प्रश्न उभा राहतो.

प्लॅटिनमबद्दल दोनच वाक्ये पुरेत. आजच्या स्टॅकमध्ये किलोवॉटमागे ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास प्लॅटिनम असते, आणि टॉवरच्या लहान संचात त्याची किंमत कंट्रोलर, पंखे, व्हॉल्व्ह आणि डीसी कन्व्हर्टर यांच्यापुढे फारशी उरत नाही. ते मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येते आणि भाव वरखाली होतो ही चिंता खरी आहे, पण हा उद्योग तिच्यामुळे अडून राहिलेला नाही.

हे तंत्र चालले कुठे, तेही पाहावे. जपानमध्ये २००९ पासून एने-फार्म नावाचे घरगुती संच विकले गेले आणि त्यांची संख्या चार लाखांच्या वर गेली. त्यामागे सरकारी अनुदान होते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरोघर गॅसची नळी आधीपासून होती. संच त्याच गॅसमधून हायड्रोजन काढतो आणि निघालेल्या उष्णतेवर आंघोळीचे पाणी तापवतो, त्यामुळे इंधनाचा फार थोडा भाग वाया जातो. हाच संच उचलून संभाजीनगरात बसवला तर नोव्हेंबर ते जानेवारी ठीक. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलेच पाणी हाताला चटका देते, तिथे त्या उष्णतेला गिऱ्हाईक कुठले? पाणबुडीचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फरिक अॅसिड प्रकारच्या फ्युएल सेलवर पाणबुडीसाठी प्रणाली विकसित केली आणि मार्च २०२१ मध्ये जमिनीवर तिची चाचणी यशस्वी झाली. पाण्याखाली दीर्घकाळ निःशब्द राहण्याची किंमत नौदल द्यायला तयार असते. टॉवर कंपनी प्रत्येक युनिटचे पैसे मोजते. अमेरिकेत के. आर. श्रीधर यांच्या ब्लूम एनर्जीचे उच्च तापमानाचे सिरॅमिक संच डेटा सेंटरना वीज पुरवतात, तेही मुख्यतः नैसर्गिक वायूवर. ही सगळी उदाहरणे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते: जिथे इंधन दारात आधीच होते किंवा जिथे गिऱ्हाइकाला विजेच्या दराची पर्वा नव्हती, तिथे हे यंत्र टिकले. उलट, कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्यात शेल कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला मोटारींसाठीची आपली हायड्रोजन केंद्रे बंद केली, तेव्हा मोटारी उत्तम असूनही मालक अडचणीत आले.

आपल्या देशाचे धोरण अनुकूल आहे हे खरे. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठरले. पुण्यात केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद यांनी बनवलेली फ्युएल सेल बस ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसमोर आली. पण आपल्यासारख्या उद्योजकाने मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या वाहतूक प्रकल्पांचा तपशील वाचावा. पाच प्रकल्पांत मिळून ३७ बस व ट्रक, नऊ इंधन केंद्रे आणि सुमारे २०८ कोटी रुपयांचे साहाय्य. या ३७ पैकी फ्युएल सेलवर चालणारी वाहने १५ आहेत. उरलेली २२ हायड्रोजन सरळ इंजिनात जाळतात. इंजिनाची कार्यक्षमता कमी आहे, हे त्या कंपन्यांना माहीत नाही असे थोडेच आहे? पण इंजिनाला थोडा अशुद्ध वायू चालतो, त्याचे कूलंट गरम चालते, आणि त्याला ओळखणारा मिस्त्री प्रत्येक तालुक्यात आहे. हे मी वर मांडलेले तिन्ही मुद्दे झाले.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर मला दोनच शक्यता गंभीरपणे घ्याव्याशा वाटतात. एक म्हणजे समृद्धी महामार्ग आणि सोलापूर-धुळे मार्ग यांवरची अवजड वाहतूक, जिथे एकाच केंद्रावर रोज ठरावीक ट्रक भरतील अशी हमी देता येईल. दुसरी म्हणजे साखर कारखान्यांचा बायोगॅस. प्रेसमड (रस गाळून उरणारा गाळ) आणि स्पेंटवॉश (आसवनीचे सांडपाणी) यांपासून गॅस कारखान्याच्या आवारातच तयार होतो, म्हणजे सिलिंडरचा प्रवास वाचतो, आणि सिरॅमिक प्रकारचा संच तो वापरू शकतो. मात्र स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत असतो आणि संचाला तो दहा लाखांत एक भागाच्याही खाली लागतो. शिवाय सातशे-आठशे अंशांवर चालणारे सिरॅमिक वारंवार थंड-गरम झाले की तडकते, आणि आमचे कारखाने दुष्काळात दोन महिन्यांत गाळप आटोपतात. शुद्धीकरणाचा खर्च धरून कोणी हिशेब मांडला तर मी आवडीने वाचेन. तोवर तो गॅस वाहनांना विकणे अधिक सोपे आहे.

आता आपल्या प्लेटा. मागितलेला पत्रा बहुधा ३१६ एल स्टेनलेसचा, ०.१ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असेल. त्यावर अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी खोलीच्या नागमोडी वाहिन्या उठवायच्या, दोन अर्ध्या प्लेटा पाठीला पाठ लावून लेसरने सांधायच्या, हीलियमने गळती तपासायची आणि मग वर गंजरोधक पण वीजवाहक थर द्यायचा. सायलेन्सरच्या पत्र्यावर हात बसलेल्या माणसाला दोन गोष्टी छळतील. दाब सोडल्यावर एवढा पातळ पत्रा मागे येतो आणि प्लेट तवा फुगावा तशी फुगते. आणि वाहिनीच्या कोपऱ्यावर पत्रा ताणून इतका पातळ होतो की डोळ्यांना न दिसणारे छिद्र पडते. शेकडो प्लेटा एकावर एक रचायच्या असतात, म्हणून एकीचा वाकडेपणा सगळ्यांना भोवतो. हे जमणार नाही असे मी म्हणत नाही. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये आणि वाळूजच्या काही डाय बनवणाऱ्यांकडे हे कौशल्य आहे.

प्रेस घेण्याचा प्रश्न मात्र कौशल्याचा नाही. टोयोटाच्या फ्युएल सेलवर चालणाऱ्या पहिल्या मिराई मोटारीच्या स्टॅकमध्ये ३७० सेल होते. एका बसला साधारण तेवढेच धरा. आपल्या गिऱ्हाइकाने वर्षाला पन्नास बसची मागणी मिळवली, तरी अर्ध्या प्लेटा होतात ३७,०००. मिनिटाला तीस ठोके मारणारा प्रेस हे काम एकवीस तासांत उरकतो. म्हणजे वर्षाची संपूर्ण ऑर्डर एका दिवसरात्रीत संपेल आणि उरलेले ३६४ दिवस बँकेचा हप्ता चालू राहील. किंमत उतरायला संख्या हवी; अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने वाहनांच्या स्टॅकच्या स्वस्ताईचे गाजलेले अंदाज बांधले ते वर्षाला पाच लाख संचांचे उत्पादन गृहीत धरून. मिराईची जगभरातील विक्री दहा वर्षांत पन्नास हजारांपर्यंतही गेलेली नाही.

म्हणून माझा सल्ला असा की नमुने अवश्य द्यावेत, पण डायचा खर्च गिऱ्हाइकाकडून लेखी घ्यावा आणि ठोके सध्या बाहेर, ज्यांच्याकडे योग्य टनाचा प्रेस आहे त्यांच्याकडे मारून घ्यावेत. स्वतःचे पैसे घालायचेच असतील तर लेसर वेल्डिंग आणि हीलियम गळती-चाचणीच्या बाकावर घालावेत. पातळ पत्रा सांधून तो गळत नाही याची खात्री देणे हे कौशल्य बॅटरीखालच्या कूलिंग प्लेटांना लागते, इलेक्ट्रोलायझरला लागते, आणि बिडकीनकडे एथर व टोयोटा यांच्या प्रकल्पांच्या घोषणा झाल्यापासून त्याची विचारणा आपल्या वसाहतीत होऊ लागेल असा माझा अंदाज आहे. फ्युएल सेलची मागणी पाच वर्षांनी आली तर आपण तयार असाल. आली नाही तर ते यंत्र रिकामे बसणार नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना आणखी एक विचारून घ्यावे: वरचा थर कोण देणार आणि थर उडाला तर प्लेट कोणाच्या माथी. या एका कलमावरून दोन पुरवठादारांचे संबंध तुटलेले मी पाहिले आहेत.

चिरंजीवांनी हा विषय जरूर घ्यावा, पण पदवीवर ‘फ्युएल सेल’ असे नाव असण्यापेक्षा विद्युतरसायन पक्के करण्याकडे लक्ष द्यावे, म्हणजे बॅटरी, इलेक्ट्रोलायझर आणि गंजरोधक थर हे तिन्ही दरवाजे उघडे राहतात. कराईकुडीची सीईसीआरआय ही केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि एआरसीआय या केंद्रीय संशोधन संस्थेचे चेन्नई येथील फ्युएल सेल केंद्र या जागा त्यासाठी उत्तम आहेत. त्याआधी उन्हाळ्याच्या सुटीत त्याला माझ्याकडे पाठवा. टॉवरवरून उतरवलेला एक जुना स्टॅक माझ्या घरी पडून आहे. त्यात कोणता सेल मेला आहे हे मल्टिमीटरने शोधायला एक दुपार लागते, आणि तो का मेला हे शोधायला त्याची सगळी सुटी जाईल. कामाचे हातमोजे त्याने स्वतःचे आणावेत, माझ्याकडचे त्याला लहान होतील.